सीलबंद डब्यासाठी लिहिलेला कायदा, सुट्या मालावर चालणारी घरं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या वस्त्यांत, तुर्भे स्टोअर्स असो, दिघा असो, लोकमान्य नगर असो की मुंब्रा, सकाळच्या कामांच्या वेळेला गल्लीत एक सायकल येते. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कॅन, हँडलला पिशव्या आणि एका सुरातली आरोळी : "फिनाईल, अ‍ॅसिड!" आतून कुणीतरी रिकामी बाटली घेऊन येतं. बाटली पाण्याची नाहीतर कोल्ड्रिंकची असते, वरचं लेबलही तसंच असतं. तिच्यात पिवळसर अ‍ॅसिड ओतलं जातं, तोंडाशी पांढरट वाफ दिसते, पैसे हातावर टेकवले जातात आणि बाटली मोरीच्या कोपऱ्यात जाऊन बसते. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येत असल्यामुळे पिण्याचं पाणीही तशाच बाटल्यांत भरून त्याच मोरीच्या कट्ट्यावर ठेवलेलं असतं.

कमर्शियल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं असतं. त्याचा पिवळा रंग बहुधा लोखंडाच्या अंशामुळे येतो. जाहिरातीतल्या टॉयलेट क्लीनरमध्ये हेच अ‍ॅसिड १० टक्क्यांच्या आसपास असतं. शिवाय ते घट्ट आणि रंगीत केलेलं असतं आणि वाकड्या मानेच्या बाटलीतून येतं, त्यामुळे पाणी समजून ते कुणी तोंडाला लावत नाही. सायकलवरच्या कॅनमध्ये किती पाणी घातलंय हे विकणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. आज डाग निघाला नाही म्हणून बाई उद्या दुप्पट ओतते, आणि नेमका उद्याचा कॅन कडक निघतो.

यातून दोन प्रकारचे अपघात होतात. पहिला बाटलीचा. तहानेने आलेलं पोर घोट घेतं आणि घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला धावतात. पोटात गेलेलं अ‍ॅसिड वर येताना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतं. अशा वेळी तोंड धुवून, उलटी न काढता, बाटलीसकट रुग्णालय गाठायचं असतं. पण हे सांगणारी ओळ छापायला बाटलीवर लेबलच नसतं. दुसरा अपघात संडासातला. अ‍ॅसिड टाकल्यावर उरलेल्या वासासाठी वरून ब्लीचिंग पावडर मारली जाते. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या जवळपास अडीच पट जड असल्यामुळे खाली, फरशीलगत साचतो. उभ्या माणसाला नुसता उग्र वास येतो. उकिडवं बसून भांडं घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडाशी मात्र त्याचा थर असतो. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये बाटल्या ब्रँडेड असतात, त्यांच्यावर 'इतर क्लीनरबरोबर मिसळू नये' हेही छापलेलं असतं. पण ते मिसळणारी बाई दिघ्याहून किंवा कळव्याहून आलेली असते, आणि ही सूचना मराठीत असलीच पाहिजे असं बंधन नाही. पाकिटावरचा तपशील हिंदी किंवा इंग्रजीत चालतो.

कायदा नाही असं मात्र नाही. अ‍ॅसिडहल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये आदेश दिला : नोंदवही ठेवल्याशिवाय अ‍ॅसिड विकायचं नाही, गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही, साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा, नाहीतर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. हे सगळं सायकलच्या कॅरियरवर कसं राबवायचं, याचा विचार त्या आदेशाच्या अंमलबजावणीत कुणी केलेला दिसत नाही.

रोजच्या वापरातल्या घातक रसायनांबद्दल आपल्याकडचे बहुतेक नियम सीलबंद डबा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. डब्यावर उत्पादकाचं नाव असेल, बॅच नंबर असेल, तो दुकानात बिलावर विकला जाईल आणि घेणारा लेबल वाचून वापरेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ज्याच्या घरात डबा येतो त्याला हे नियम बऱ्यापैकी वाचवतात. ज्याच्या घरात माल सुटा येतो, म्हणजे पुडीत, पिशवीत, दुसऱ्याच्या बाटलीत, भंगारातून किंवा किलोवर, त्याच्यापर्यंत नियम पोचतच नाही. पर्यावरणीय न्याय हा शब्द ऐकला की आपल्याला धुराडी आणि नाले आठवतात. या शहरांत तो प्रश्न मोरीच्या कट्ट्यावर आणि मसाल्याच्या डब्यातही आहे.

रंगाचं उदाहरण बघू, कारण रंगाचा नियम कागदावर चांगला आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असे केंद्राचे नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाले आणि वर्षभराने लागू झाले. ९० पीपीएम म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅम. डब्यावर तसं छापणंही बंधनकारक आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का शिसं सापडणं फार नवलाचं नव्हतं. पिवळा रंग लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाच्या एका पिवळ्या संयुगाचा, असायचा आणि रंग लवकर सुकावा म्हणून घातलेल्या ड्रायरमध्येही शिसं असायचं.

आता हिशेब करा. जुन्या खिडकीचा नखाएवढा, तीन-चार थरांचा पोपडा साधारण ५० मिलिग्रॅम भरतो. एक टक्क्याच्या रंगात त्यातलं शिसं होतं ५०० मायक्रोग्रॅम. मुलांच्या पोटात अन्नातून जाणाऱ्या शिशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धरलेली संदर्भ मर्यादा दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे रांगत्या पोराने एक पोपडा तोंडात घातला की सव्वादोनशे दिवसांचा कोटा संपला. नव्या, नियमातल्या रंगाचा तेवढाच पोपडा ४.५ मायक्रोग्रॅमचा असतो. नियमाने किती फरक पडतो ते यावरून कळावं.

हा फरक सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल त्याच शिशातलं चार-पाच पट जास्त शोषून घेतं, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आतड्यात लोह आणि शिसं बरंचसं एकाच वाटेने आत जातात. अंगात लोह कमी असेल तर ती वाट शिशाला मोकळी मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. मर्यादा ठरवताना डोळ्यांसमोर असतं ते नीट खाल्लेलं मूल. ज्या घरात रंगाचे पोपडे पडतात तिथलं मूल बहुधा तसं नसतं.

शिवाय नियमातच एक मोठी खिंड सोडलेली आहे. औद्योगिक रंगांना तो लागू नाही. कारखान्यातला पाइप रंगवायचा रंग घरात कशाला येईल, असा यामागचा विचार असावा. पण हार्डवेअरच्या दुकानात ग्रिल, गेट, जिन्याचा कठडा, शटर, रिक्षाचा सांगाडा यांच्यासाठी जे काही टिकाऊ आणि स्वस्त मिळतं ते चालतं, आणि छोट्या कामाला अर्धा डबा दुसऱ्या डब्यात काढूनही मिळतो. तोच रंग बालवाडीच्या खिडकीला लागतो, मैदानातल्या घसरगुंडीच्या कठड्याला लागतो. औद्योगिक रंगाला पर्याय नाही ही तक्रार आता जुनी झाली. फिलिपिन्सने आधी सजावटीच्या आणि २०१९ अखेर औद्योगिक रंगांतूनही शिसं हद्दपार केलं. त्यांच्याकडेही गंज चढतो आणि आपल्यासारखाच पाऊस पडतो.

जुन्या थरांचं काय, हा प्रश्न तर नियमाने विचारलाच नाही. नौपाड्यातली किंवा वाशीतली जुनी सोसायटी रंगवायला काढली की कामगार नाक्यावरून माणसं येतात. पॉलिश पेपरने कोरडं घासकाम सुरू होतं आणि जिन्यात पिवळी-हिरवी धूळ उडते. ती घासणाऱ्याच्या फुप्फुसात, केसांत, शर्टात बसते. दुपारी त्याच तळहातावर तंबाखू मळली जाते. संध्याकाळी तो शर्ट घरच्या बादलीत पोरांच्या कपड्यांबरोबर भिजतो. हे टाळायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जुना ऑइल पेंट पाणी मारून वॉटर पेपरने ओलाच घासायचा. खाली प्लास्टिकची शीट पसरून तिच्या कडा टेपने चिकटवायच्या. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. तोंडाला रुमाल न बांधता एन-९५ मास्क लावायचा. खाण्याआधी आणि तंबाखूआधी साबणाने हात धुवायचे. कपडे जागेवर बदलून वेगळे धुवायचे. ब्लो-लॅम्पने रंग जाळून काढायची पद्धत तर बंदच करायला हवी, कारण त्या तापमानाला शिशाचा धूर होतो आणि तो धुळीपेक्षा वाईट. सोसायटीच्या टेंडरमध्ये या पाच-सहा ओळी घालायला कुणाची परवानगी लागत नाही. पण रंगाची छटा ठरवायला तीन सभा होतात आणि ओल्या घासकामाचा दर प्रति चौरस फूट थोडा जास्त पडतो म्हणून तो मुद्दा एका मिनिटात निकालात निघतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

हळदीची गोष्ट याहून बोलकी आहे.

लेड क्रोमेट हा तोच पिवळा रंग. वजनाने त्याचा जवळपास ६४ टक्के भाग शिसं असतो. एक किलो हळदीत एक ग्रॅम मिसळला तर हळदीत शिसं होतं ६४० पीपीएम. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची हळदीसाठीची मर्यादा आहे १० पीपीएम. ही मर्यादाही सैलच आहे. दिवसाला दीड ग्रॅम हळद पोटात जाते असं धरलं, तर १० पीपीएमची, म्हणजे कायदेशीर, हळद १५ मायक्रोग्रॅम शिसं देते. वरचा २.२ चा आकडा आठवा. बांगलादेशची मर्यादा आपल्या पाव आहे : २.५ पीपीएम.

आणि बांगलादेशाने ती राबवून दाखवली. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाबरोबर गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग काढत हळदीपर्यंत मजल मारली. भेसळ किरकोळ दुकानात किंवा गिरणीत होत नव्हती. ती हळकुंडं पॉलिश करताना होत होती. पावसात डागाळलेलं, काळवंडलेलं हळकुंड उजळ दिसावं म्हणून पॉलिशच्या पिंपात पिवळी पूड टाकली जायची. सरकारने गावोगावच्या दुकानदारांच्या मागे न लागता ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड घातली आणि हातात धरायचं एक्स-रे फ्लुरोसन्स यंत्र घेऊन जागेवरच माल तपासला. दोषी घाऊक व्यापाऱ्यांना दंड झाला, त्याच्या बातम्या चालल्या, इशाऱ्याची पत्रकं वाटली गेली. बाजारातल्या नमुन्यांत शिसं असलेल्या हळदीचं प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होतं, ते २०२१ पर्यंत शून्यावर आलं.

मुंबई महानगराची हळद मोठ्या प्रमाणावर जिथून जाते तो बाजार नवी मुंबईतच आहे : तुर्भ्याचं एपीएमसी मसाला मार्केट. तिथला माल भेसळीचा आहे असं इथे म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते एवढंच, की सुटी हळद वस्तीतल्या शेकडो पुड्यांत विखुरण्याआधी एका जागी असते आणि ती जागा आपल्याला माहीत आहे. हे यंत्र बंदुकीसारखं पिशवीला टेकवलं की मिनिटभरात शिशाचा अंदाज देतं. त्याची किंमत काही लाखांत जाते, पण महापालिका एका चौकाच्या सुशोभीकरणावर त्याहून जास्त घालवते. यंत्राची मर्यादाही सांगायला हवी : अगदी कमी पीपीएमला त्याचा आकडा डगमगतो, त्यामुळे खटल्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच लागतो. पण शेकडो पीपीएमची भेसळ त्याच्या नजरेतून सुटत नाही, आणि घाऊक बाजारात शोधायची असते ती हीच.

घरगुती उपायांवर मात्र भिस्त ठेवू नये. 'हळकुंड आणा आणि गिरणीतून दळून आणा' हा आजीचा सल्ला पूड-भेसळीपुरता चांगला आहे. रंग जर हळकुंडाच्या सालीवरच चढवला असेल तर गिरणी तो इमानदारीने दळून देते. पेल्यातल्या पाण्यात हळद टाकून बघायची चाचणी ढोबळ रंगासाठी आहे. किलोमागे ग्रॅमभर लेड क्रोमेट तिला सहज चकवतं. हळकुंड मोडून आतला गाभा आणि साल यांच्या रंगातला फरक बघणं, चोळल्यावर बोटाला भडक पिवळी पूड लागते का ते पाहणं, इतपत घरी करता येतं. पुढचं काम सरकारचं आहे.

जाता जाता शेंदराबद्दल. शेंदूर म्हणजे मूळचं रेड लेडच, शिशाचं संयुग. वेशीवरच्या मारुतीला तो तेलात कालवून फासतात तोवर मारुतीचं काही बिघडत नाही. पण तेच बोट कपाळाला आणि मग प्रसादाला लागतं. पूजेच्या साहित्याच्या दुकानात तो सुटाच मिळतो, कुंकवाच्या शेजारी. कुंकू मूळचं हळद आणि चुन्याचं, पण आता लाल रंगाची कुठलीही पूड त्या नावाने खपते.

फेअरनेस क्रीमचा प्रश्न याच जातीचा, फक्त धातू वेगळा. पाऱ्याची संयुगं त्वचेत रंगद्रव्य तयार करणारं एन्झाइम अडवतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो. लावणं थांबवलं की पुन्हा काळवंडतो, म्हणून लावणं थांबत नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार नकळत राहिलेला पारा एक पीपीएमपर्यंतच चालतो, डोळ्यांच्या प्रसाधनांचा अपवाद सोडून. बिननावाच्या आणि चोरट्या मार्गाने आलेल्या क्रीममध्ये तो हजारो पीपीएम सापडलेला आहे. केरळातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत एक विरळा प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारी क्रीम लावत होते. लघवीला फेस येणं, पाय आणि डोळ्यांखाली सूज, ही सुरुवातीची लक्षणं. क्रीम बंद केल्यावर बऱ्याच जणांची तब्येत सुधारते, म्हणून डॉक्टरांना क्रीमबद्दल आपणहून सांगायला हवं.

इथेही घराचा आकार आडवा येतो. पारा त्वचेतून जातो तसाच वाफ होऊन हवेतही जातो आणि उशीला, टॉवेलला लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत आईने लावलेली क्रीम रांगत्या पोरालाही लागू होते. डबीवर 'सोनं, चांदी किंवा अ‍ॅल्युमिनियमशी संपर्क टाळा' असं लिहिलेलं दिसलं तर ती लगेच बाजूला ठेवावी, कारण हा इशारा पाऱ्यासाठीच असतो. पार्लरमध्ये 'आमची स्पेशल' म्हणून बिनलेबलच्या डबीतून मिळणाऱ्या क्रीमवर मात्र एवढाही इशारा नसतो.

खेळण्यांचं थोडक्यात. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येत नाहीत. शिशासारखे धातू किती पाझरतात आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स किती आहेत, हे दोन्ही त्यात तपासलं जातं. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) महिनाभरात जवळपास १८,६०० खेळणी जप्त केली ती मोठमोठ्या दुकानांतून. ठाणे-वाशी लोकलमध्ये पाठीवर पोतं घेऊन फिरणाऱ्याच्या भोंग्याला किंवा रबरी बदकाला हा नियम लागू आहेच. फक्त ते तपासायला कुणी फलाटावर येत नाही.

वस्तू घरात येण्याआधी आणि घरातून गेल्यावर काय होतं, हेही याच साखळीत येतं. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, डोंबिवली, अंबरनाथ इथे रंगद्रव्यं, सॉल्व्हंट, औषधं बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारी रसायनं बनत आली. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला कारखान्यातल्या रंगाने निळे झालेले कुत्रे दिसले तेव्हा त्यांचे फोटो जगभर गेले आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद करायला लावला. निळ्या रंगाने कुत्र्यांचं नशीब तरी काढलं, कारण तो दिसला. कासाडी नदीच्या काठावरच्या कोळ्याच्या जाळ्यात किंवा पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या अंगात जे गेलं त्याला असा रंग नव्हता. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला आणि २३ मे २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा भिंतीपलीकडे माणसं राहत होती.

दुसऱ्या टोकाला कचरा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरगुती घातक कचरा म्हणजे रंगाचे डबे, कीटकनाशकाचे कॅन, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, पाऱ्याचे थर्मामीटर असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रत्येक २० चौरस किलोमीटरला त्यासाठी एक संकलन केंद्र असावं असंही म्हटलं होतं. त्या हिशेबाने ठाणे महापालिकेची सात-आठ आणि नवी मुंबईची सहाएक केंद्रं होतात. आपल्या वॉर्डातलं केंद्र कुठे आहे हे दहा जणांना विचारून बघा. केंद्र माहीत नसलं की ट्यूबलाइट सुक्या कचऱ्यात जाते आणि ती फोडून अ‍ॅल्युमिनियमच्या टोप्या काढणारी बाई उरलेला पारा हुंगते. अ‍ॅसिडचा रिकामा कॅन भंगारवाल्याकडून धुवून परत बाजारात येतो आणि पुढच्या घरात पाण्याचा पिंप होतो. भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमची कढईही अशीच परत येते. हिंडालियमसारख्या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून शिसं पाझरतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. तो तिकडच्या गिऱ्हाइकांसाठी होता. तशी भांडी इकडे आठवडी बाजारात किलोवर मिळतात.

मग सुटा माल बंदच करा, असा सोपा उपाय लगेच पुढे येईल. तो चुकीचा आहे. पन्नास ग्रॅम हळद, पाच रुपयांचं तेल असं थोडं थोडं घेऊन महिना काढणाऱ्या घराला किलोचं पाकीट परवडत नाही, म्हणून सुटं विकलं जातं. बंदीचा फटका कुणाला बसतो हे आपण २०१८ च्या प्लास्टिकबंदीत बघितलंय. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड होता आणि पथकं भाजीवाल्यापासून सुरू झाली. पिशवी बनवणारा मात्र सहजासहजी सापडत नव्हता. सायकलवाल्याचा कॅन जप्त केला तर उद्या दुसरा सायकलवाला येईल. त्याला कॅन भरून देणारा गोदामवाला भिवंडीच्या किंवा आणखी कुठल्या रस्त्यावर जागचा हलत नाही.

दुसरा आक्षेप लघुउद्योगांचा : चाचण्यांचा खर्च झेपणार नाही. यात तथ्य आहे, पण अर्धंच. खर्च शेवटच्या विक्रेत्यावर टाकला तर झेपणार नाही. तो रसायन बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर टाकला तर टनामागे वाटला जातो. युरोपने २००७ पासून हेच केलं : रसायनाची माहिती नसेल तर त्याला बाजारही नाही. आपल्याकडे तशा स्वरूपाच्या नियमांचा मसुदा २०२० पासून चर्चेत आहे. लेड क्रोमेट, पाऱ्याची संयुगं आणि कडक अ‍ॅसिड कुणी कुणाला किती विकलं याची नोंद उत्पादकाच्या आणि न्हावा-शेवा बंदराच्या पातळीवर झाली, तर मसाल्याच्या पॉलिशवाल्यापर्यंत पोचणारी पिवळी पूड कागदावर तरी दिसेल.

अ‍ॅसिडपुरता आणखी साधा मार्ग आहे. वस्तीतल्या महिला बचत गटांना १० टक्क्यांहून कमी तीव्रतेचं, रंग घातलेलं क्लीनर भरून द्यायचं, बाटली परत घेऊन पुन्हा भरायची आणि बाटलीवर मराठीत तीन ओळी लिहायच्या : ब्लीचमध्ये मिसळू नका, प्यायल्यास उलटी काढू नका, मुलांपासून दूर ठेवा. सायकलवालाच ते विकेल. त्याचा धंदा राहील, माल बदलेल.

आज सुट्या मालाच्या गिऱ्हाइकाला कायद्याने दिलेला हक्क किती दूरचा आहे ते एकदा नीट बघा. अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४० नुसार कुणीही ग्राहक आपण घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या कलम २६ मध्ये क्रीमसाठीही तशीच सोय आहे. फी आधी भरायची. अन्नाच्या बाबतीत दोष सिद्ध झाला तर ती परत मिळते. शिवाय हळद घेतानाच दुकानदाराला सांगायचं, की मी ही तपासायला देणार आहे. म्हणजे यादव नगरच्या बाजारात पन्नास ग्रॅमची पुडी बांधून घेताना एका बाईने, जिचं दुकानदाराकडे महिन्याचं उधारखातं आहे, त्याच्या तोंडावर हे वाक्य म्हणायचं, आणि मग पुडीच्या कित्येक पट फी भरायला ठाण्याची गाडी धरायची.